विश्लेषण : झाडाला विष देऊन जंगल जिवंत करता येते का?

उभ्या झाडाला तणनाशक टोचून मारायचे आणि ते जागच्या जागी कुजू द्यायचे, ही जंगल सुधारण्याची पद्धत अमेरिका-युरोपात वापरली जाते. रत्नागिरी जिल्ह्यात ती का नको आणि तिच्यातून घेण्यासारखे नेमके काय आहे?

दसरा उलटला, डोंगरातल्या वाटा वाळल्या की कोकणात यांत्रिक करवतींचा आवाज सुरू होतो. 'डोंगर दिला' एवढ्या दोन शब्दांत व्यवहार सांगून होतो. ठेकेदाराने उभा डोंगर घेतलेला असतो, त्यात किंजळ, ऐन, जांभूळ, रायवळ आंबा, जे असेल ते जाते. चांगल्या खोडाची फळी निघते, उरलेले जळाऊ म्हणून ट्रकमध्ये चढते. या सगळ्यात ज्या झाडाबद्दल कोणालाच वाईट वाटत नाही ते म्हणजे आतून पोखरलेले, शेंडा वाळलेले म्हातारे झाड. फळी निघत नाही, फळ येत नाही, उद्या कोणाच्या अंगावर पडेल याची भीती. मालकही म्हणतो, ते आधी घेऊन जा.

गंमत अशी की जगाच्या दुसऱ्या टोकाला वनाधिकारी आणि वन्यजीव अभ्यासक नेमके असेच झाड मिळावे म्हणून धडधाकट झाडे मारतात. कोणी खोडाभोवतीची साल काढतो, कोणी शेंडा उडवतो आणि कोणी खोडाला खाचा पाडून त्यात तणनाशक सोडतो. झाड मरते, पण उभे राहते. त्याला तोडायचे नसते, विकायचे नसते, त्याने फक्त कुजायचे असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. तो वेडेपणा नाही. मात्र तो उचलून जसाच्या तसा सह्याद्रीच्या पायथ्याशी आणणे चुकीचे ठरेल.

मेलेले झाड लागते कोणाला?

सुतार पक्षी आणि तांबट स्वतःची ढोली कोरतात. त्यांना मऊ पडलेले, कुजू लागलेले लाकूड लागते. एका हंगामात कोरलेली ढोली पुढच्या वर्षी रिकामी झाली की तिच्यात दुसरे भाडेकरू येतात : पिंगळा, पोपट, साळुंकी, दयाळ, कधी उडती खार, कधी वटवाघळे. घोरपडही मोठ्या पोकळ खोडाचा आसरा घेते. सालीखाली भुंग्यांच्या अळ्या असतात, त्या खायला पक्षी येतात. पावसाळ्यात त्याच खोडावर अळंबी फुटते. भीमाशंकरच्या जंगलात रात्री चमकणारी बुरशी पाहायला पर्यटक जातात, तीही कुजक्या लाकडावरच वाढते.

बागायतदाराला या यादीतली सर्वांत जवळची म्हणजे सातेरी मधमाशी. ती आग्या माशीसारखे उघड्यावर पोळे करत नाही. तिला अंधारी पोकळी हवी असते आणि झाडाची ढोली हे तिचे मूळ घर. आंब्याच्या मोहोरावर परागीभवनाचे मोठे काम माश्या करतात, आणि त्यातल्या काही जातींच्या अळ्या कुजणाऱ्या पदार्थांतच वाढतात. म्हणजे डोंगरातल्या ज्या 'निरुपयोगी' खोडाला कोणी विचारत नाही, त्याचा खाली बागेतल्या पेटीशी अगदीच संबंध नाही, असे म्हणता येत नाही.

फिनलंडमध्ये या विषयाचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे. तिथल्या जंगलात राहणाऱ्या एकूण जातींपैकी २० ते २५ टक्के, म्हणजे चार ते पाच हजार जाती, कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत असे तिथले शास्त्रज्ञ सांगतात. यातल्या बहुतेक जाती माणसाच्या नजरेलाही पडत नाहीत. भुंगे, बुरशी, शेवाळ असा सगळा कारभार.

मग झाडे मुद्दाम मारायची कशाला?

कारण तिथे मेलेली झाडे उरलीच नव्हती. शंभर-दीडशे वर्षे युरोप-अमेरिकेत जंगल म्हणजे लाकडाची शेती, असा विचार होता. एकाच जातीची, एकाच वयाची झाडे सरळ रांगेत लावायची, ठरलेल्या वर्षी तोडायची. वाळलेले झाड दिसले की किडीचे घर म्हणून काढून टाकायचे. स्वच्छ, नीटनेटके जंगल. याचा परिणाम असा की फिनलंडच्या लाकूडउत्पादक जंगलांत मृत लाकडाचे प्रमाण नैसर्गिक जंगलाच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घटले.

अशा जंगलात झाडांना आपोआप म्हातारे व्हायला वेळ द्यायचा, तर आणखी शंभर वर्षे थांबावे लागेल. तेवढा वेळ सुतार पक्ष्याकडे नाही. म्हणून काही झाडे आधीच मारून उभी ठेवायची पद्धत आली. अमेरिकेत यासाठी काय काय करून पाहिले गेले याची यादी मजेशीर आहे. झाडावर चढून शेंडा करवतीने उतरवणे, शेंडा स्फोटकांनी उडवणे, खोडाला भोक पाडून लाकूड कुजवणारी बुरशी आत सोडणे, आणि तणनाशक. यात तणनाशक सर्वांत स्वस्त. एक कोयता, एक बाटली आणि एक माणूस असला की दिवसात बरीच झाडे होतात. त्याची लोकप्रियता बरीचशी या हिशेबातून आली आहे.

तणनाशक झाडात नेमके काय करते?

झाडाच्या सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. साल गोल काढली की हा रस्ता तुटतो. मुळे उपाशी पडतात, पण मुळांतून वर जाणारे पाणी आतल्या लाकडातून चालूच राहते. त्यामुळे साल काढलेले झाड लगेच मरत नाही, कधी वर्ष, कधी दोन वर्षे काढते. काही जाती तर खाचेखालून नवे फुटवे काढून मोकळ्या होतात.

तणनाशकाचे तसे नाही. खाचेत सोडलेले औषध त्याच अन्नवाहिन्यांतून खाली उतरते आणि मुळापर्यंत जाते. ग्लायफोसेट वनस्पतीला प्रथिने बनवण्यासाठी लागणारे काही घटक तयारच होऊ देत नाही. टू-फोर-डी वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करून पेशींची वाढ बेताल करते. दोन्हींत झाडाला फुटवे काढायची संधी राहत नाही. हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण, आणि धोकाही. एकाच जातीच्या शेजारी झाडांची मुळे जमिनीखाली अनेकदा जोडलेली असतात. एका झाडाला दिलेले औषध दुसऱ्यात उतरून तेही वाळल्याची उदाहरणे परदेशातल्या वनखात्यांना चांगली माहीत आहेत. जे मारायचे नव्हते तेही मेले, तर ते परत उभे करणारे बटण कुठल्याच यंत्रात नाही.

झाडाला रसायन देणे कोकणाला नवीन नाही. हापूसच्या बुंध्याशी कल्टार घालणारे बागायतदार गावोगाव आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याची मात्रा झाडाच्या विस्तारानुसार ठरवून दिली, तरी ती मोजून देणारे किती आणि अंदाजाने ओतणारे किती, हे ज्याने त्याने आपल्या वाडीत पाहून घ्यावे. मोजमापाची ही सवय असताना डोंगरात, कोणी पाहत नसताना, तणनाशक नेमके किती मिलीलिटर जाईल?

कोकणात याची जागा कुठे सांगितली जाते?

या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा आधी घ्यायला हवा. सामाजिक वनीकरणाच्या काळात कोकणातल्या कातळांवर आणि उघड्या डोंगरांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला 'आकेशिया', मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तिच्याखाली पाचोळ्याचा जाड थर साचतो, दुसरे फारसे काही उगवत नाही. दुसरे झाड गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. हिरवळीचे खत म्हणून ते आले आणि बांधावरून डोंगरात शिरले. ही झाडे विदेशी आहेत, एकसुरी आहेत, आणि त्यांना मारून उभेच ठेवले तर दुहेरी फायदा : परकी झाडे जातील, पक्ष्यांना मृत लाकूड मिळेल. शिवाय तोडणी नाही, म्हणजे ट्रक नाही, रस्ता नाही, मातीची धूप नाही. उंदीरमारी तर कितीही छाटा, पुन्हा फुटते. तिथे औषधाशिवाय पर्याय काय, असा प्रश्न रास्त आहे.

केरळात वायनाडच्या अभयारण्यात सेना स्पेक्टाबिलिस या पिवळ्या फुलांच्या विदेशी झाडाने हाच पेच उभा केला. तिथे वनखात्याने साल सोलून झाडे मारण्याचा प्रयोग केला, मुळासकट उपटण्याचाही केला. साल सोलणे वाटते तितके सोपे नाही, हे तिथे लक्षात आले. जरा खालपर्यंत राहिलेल्या सालीतून झाड पुन्हा फुटते. काम मेहनतीचे आणि पुन्हा पुन्हा करायचे आहे. तरीही झाडाझाडाला विष टोचणे हा त्यावरचा उपाय म्हणून स्वीकारला गेला नाही, कारण खाली पाणवठे आहेत आणि त्या पाण्यावर हत्तीपासून माणसापर्यंत सगळे आहेत.

रत्नागिरीत अडचणी आणखी वाढतात. पहिली, झाडाचा आकार. लागवडीतली आकेशिया बहुतेक ठिकाणी मांडीएवढ्या जाडीची असते. तिच्यात तांबटाची ढोली मावेल, धनेशाची कधीच नाही. दुसरी, हवामान. थंड देशात मेलेला ओक किंवा पाइन दशकानुदशके उभा राहतो. इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, दमट हवा आणि वाळवी. मऊ लाकडाचे मेलेले झाड काही पावसाळ्यांतच आडवे होते. ते आडवे झाले तरी निसर्गाच्या दृष्टीने वाया जात नाही, पण उभ्या मृत झाडासाठी एवढा खटाटोप केला असेल तर तो हेतू फसतोच. तिसरी अडचण, बी. आकेशियाचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. वरची सावली एकदम गेली की ऊन पडते आणि तेच बी पुन्हा उगवते. मागाहून देशी झाडे लावून चार-पाच वर्षे निगा राखणारे कोणी नसेल तर विष देऊन हाती काय लागणार? आकेशियाच.

आणि चौथी, पाणी. कोकणातली वाडी डोंगराच्या कुशीत असते आणि तिची विहीर, तिचा झरा, तिचा पऱ्या त्याच डोंगरातून येतो. ग्लायफोसेट लोह आणि अॅल्युमिनियमच्या संयुगांना घट्ट चिकटते, आणि जांभ्याची माती याच संयुगांनी भरलेली आहे, त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळून वाहणार नाही, हा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण मृगाच्या पहिल्या सरींत ती तांबडी मातीच वाहून खाली येते, हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. परदेशात झाडांसाठी वापरली जाणारी पिक्लोराम किंवा इमाझापिरसारखी काही औषधे तर मातीत फारशी चिकटतही नाहीत, पाण्याबरोबर उतरतात.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. केरळने २०१९ मध्येच त्याची विक्री आणि वापर बंद केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत त्याच्या उलट आहे. तो वाद सुटायचा तेव्हा सुटो. महाराष्ट्राला शिकण्यासाठी २०१७ चे यवतमाळ पुरेसे आहे. तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. हातमोजे नाहीत, मास्क नाही, उन्हात उघड्या अंगाने फवारणी. डोंगरात झाडांना खाचा पाडायला जाणारा मजूरही याच परिस्थितीतला असेल. 'योग्य काळजी घेऊन वापरल्यास सुरक्षित' या वाक्यातला पहिला अर्धा भाग आपल्याकडे कागदावरच राहतो.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्यात औषधाची नोंदणी ठरावीक पिकासाठी, ठरावीक उपयोगासाठी होते आणि लेबलवर जे नाही ते करायचे नाही, असा त्याचा अर्थ. ग्लायफोसेटची नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेतल्या तणांसाठी झाली. पक्ष्यांना ढोली मिळावी म्हणून किंजळ मारणे त्यात कुठेच बसत नाही.

पळवाट कोणाच्या उपयोगाची?

हा खरा काळजीचा भाग आहे. महाराष्ट्रात झाडावर विषप्रयोग ही काही कल्पना नाही. बुंध्याला भोक पाडून हिंग भरला की झाड मरते, हा समज जुना. आता हिंगाची जागा अॅसिडने, मोरचुदाने आणि तणनाशकाने घेतली. हेतू बहुतेक वेळा एकच : झाड आडवे येते आहे, तोडायची परवानगी मिळत नाही, मग ते 'आपोआप' वाळले पाहिजे. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी महाकाय फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्याच परिसरात फलक दिसावा म्हणून झाडांवर विषप्रयोग झाल्याची तक्रार मुंबई महापालिकेने केली होती.

शहरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 'झाड तोडणे' या शब्दांत जाळणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. म्हणजे विष देणे हा गुन्हाच. पण सिद्ध कसे करणार? वाळलेल्या झाडाच्या बुंध्याला एक बारीक भोक, त्यावर लावलेला चिखल, आणि चौकशी होईपर्यंत गेलेले चार महिने. उद्या वनखात्यानेच किंवा एखाद्या संस्थेने चांगल्या हेतूने ही पद्धत मान्य केली, तर प्रत्येक भोकाला एक सभ्य स्पष्टीकरण तयार होईल. रस्त्याकडेच्या प्लॉटवरचे झाड वाळले तर ते 'जैवविविधतेसाठी' वाळले असेल. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जुने वड, आंबे डोळ्यांदेखत गेलेल्या जिल्ह्याला ही शंका घेण्याचा हक्क आहे.

मग टंचाई कशाची आहे?

रत्नागिरीत खरी टंचाई आहे ती जिवंत, म्हाताऱ्या, पोकळ झाडांची. मेलेले झाड आणि ढोलीचे झाड एकच नव्हे, आणि सगळी गफलत इथे होते.

धनेश हे याचे उत्तम उदाहरण. धनेश स्वतः ढोली कोरू शकत नाही. फांदी मोडून, बुरशी शिरून, आतला गाभा वर्षानुवर्षे कुजून तयार झालेली मोठी पोकळी त्याला आयती लागते. मादी आत शिरते, विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते, एक चीर तेवढी ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर त्या चिरेतून फळे भरवतो. उन्हाळाभर चालणाऱ्या या संसाराला जाड खोड लागते, आणि ते बहुतेक वेळा जिवंत झाडाचेच असते : बेहडा, सातवीण, आंबा, सावर. जिवंत खोड आतून कुजते आणि बाहेरून उभे राहते, म्हणून ढोली वर्षानुवर्षे टिकते. तीच जोडी त्याच ढोलीत परत येते. तणनाशकाने मारलेले झाड बाहेरून आत कुजत जाते. धनेशाला हवी ती वास्तू त्यातून तयार होत नाही. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांत वापरण्याजोग्या ढोल्या तयार व्हायला साधारण १२० वर्षे आणि त्याहून अधिक लागतात, असे सांगितले जाते. कोकणातल्या झाडांना कमी वेळ लागत असेल असे धरले, तरी तो माणसाच्या एका पिढीपेक्षा कमी नक्की नाही.

थायलंडमध्ये हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला गेला. प्रा. पिलाई पूनस्वाद यांनी दक्षिण थायलंडच्या बुडो डोंगरात धनेशाच्या जुन्या ढोल्यांची चक्क डागडुजी सुरू केली. तोंड फार मोठे झाले तर लहान करायचे, तळ खचला तर भरायचा. पिल्ले चोरणाऱ्या गावकऱ्यांनाच ढोल्या राखण्याचे काम दिले. आपल्याकडे पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर भागात देवराया आणि खासगी जंगलांच्या मालकांबरोबर काम केले. उत्तर सह्याद्रीतल्या हिरडा-बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून त्यांना ब्रिटनच्या कंपनीचे गिऱ्हाईक मिळवून दिले. यामागचा हिशेब सरळ आहे. बेहड्याचे झाड एकदा तोडून जळाऊ म्हणून किती मिळणार, आणि दरवर्षी त्याची फळे विकून किती मिळणार? दुसरा आकडा मोठा झाला की करवत थांबते आणि धनेशाची ढोली फुकटात वाचते.

कायद्याचे कोडे

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. टी. एन. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी आदेश दिला की राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मेलेली, मरणारी, रोगट किंवा वाऱ्याने पडलेली झाडेही हलवायची नाहीत. म्हणजे चांदोली राष्ट्रीय उद्यानात, ज्याची हद्द रत्नागिरी जिल्ह्यालाही लागते, वाळलेल्या झाडाला देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचे संरक्षण आहे. त्या हद्दीच्या रेषेबाहेर एक पाऊल टाकले की तेच झाड सर्वांत आधी तोडायचे ठरते. 'वाळलेले', 'धोकादायक' हे अर्जातले शब्द परवानगीचा रस्ता सोपा करतात.

आणि रत्नागिरीचे जवळजवळ सगळे जंगल या रेषेबाहेरच आहे. जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटरचा, उपग्रहातून पाहिला तर हिरवागार, पण त्यातले वनखात्याच्या ताब्यातले अगदी थोडे. बाकी सारे खासगी मालकीचे, सामाईक सातबाऱ्यावरचे. तिथे महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याच्या अनुसूचीत १६ झाडे आहेत : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, तिवस, अंजन, किंजळ, ऐन, जांभूळ, हळदू, बीजा आणि खारफुटी. यादी नीट वाचली तर लक्षात येते की ती लाकडाच्या आणि फळाच्या किमतीवरून केलेली आहे. तिच्यात बेहडा नाही. सातवीण नाही, सावर नाही, वड नाही. धनेशाने घर करायला निवडलेली झाडे नेमकी यादीबाहेर. १९६४ साली ढोलीचा विचार कोणी केला नसेल, ते समजू शकते. आज साठ वर्षांनी तरी तो करायला काय हरकत आहे?

काय करता येईल?

एका गोष्टीत बागायतदारांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. आंब्याच्या बागेत वाळलेले खोड ठेवा, असा सल्ला कोणी देऊ नये. भिरूड लागलेली फांदी काढून जाळणे हेच योग्य. घराजवळ, रस्त्याकडेला, विजेच्या तारांखालीही मेलेले झाड ठेवण्यात शहाणपण नाही. कोकणातला पावसाळी वारा कोणाची गय करत नाही. प्रश्न आहे तो डोंगरउतारावरच्या, पऱ्याच्या काठच्या, वाडीपासून लांब असलेल्या झाडांचा.

तिथे मृत लाकूड तयार करायला माणसाची गरजही फारशी नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत एका दुपारीत जेवढी झाडे पाडली, तेवढी कुठल्याच वनखात्याच्या औषधाच्या बाटलीने पडणार नाहीत. बागांमधली पडलेली झाडे उचलणे भागच होते. पण डोंगरातली, कोणाच्याही वाटेत नसलेली मोडकी झाडेही जळाऊच्या भावाने गेली. ती तिथेच राहिली असती तर ज्या कामासाठी अमेरिकेत तणनाशक वापरतात, ते काम इथे फुकटात झाले असते.

आकेशियाच्या लागवडीबाबत मात्र काहीतरी करावेच लागेल. तिथे दरवर्षी थोडी थोडी झाडे साल काढून मारायची, एकदम सगळी नाहीत, आणि मोकळ्या झालेल्या जागी किंजळ, ऐन, जांभूळ, बेहडा येऊ द्यायचे, हा रस्ता संथ आहे आणि मजुरीचा आहे. मजुरीचा आहे म्हणूनच तो रोजगार हमीच्या कामात बसवून पाहता येईल. साल काढायला विळा-कोयता पुरतो, विहिरीला धोका नाही, आणि चूक झाली तर एका झाडापुरतीच होते. उंदीरमारी फुटव्यांनी परत येईल, तिला पुन्हा पुन्हा तोडून खताला आणि चाऱ्याला वापरावे लागेल. शेतकरी तसेही ते करतच आले आहेत.

म्हाताऱ्या झाडांसाठी लागणारी व्यवस्था तर बरीचशी आधीच कागदावर आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. अनेक गावांत ही नोंदवही एकदा लिहून कपाटात गेली. तिच्यात ढोलीच्या झाडांची एक यादी जोडायला, मोबाइलवरून जागेची नोंद करायला, एखादा उन्हाळा पुरे. गावातली गुराखी मंडळी आणि मध काढणारे यांना ही झाडे तोंडपाठ असतात. तोडणीच्या अर्जाची पाहणी करायला वनपाल डोंगरावर जातोच. त्याच्या अहवालात 'ढोली आहे / नाही' एवढा एक रकाना आला, आणि ढोली असेल तर ते झाड सोडून बाकीच्यांना परवानगी, अशी अट पडली, तर मालकाचा व्यवहार अडत नाही. पोकळ खोडाची फळी ठेकेदाराला तशीही मिळत नसते. त्याचे जळाऊचे जे चार पैसे बुडतील ते द्यायची तजवीज सरकारने करावी, ती रक्कम वृक्षलागवडीच्या एखाद्या जाहिरातफलकापेक्षा मोठी नसेल.

देवरायांनी हे काम काही शतके बिनपगारी केले. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलेला नियम सगळीकडे जवळपास सारखा होता : देवाच्या रानातली काटकीही घरी न्यायची नाही. वाळलेले झाड तिथे उभे राहते, पडते आणि पडल्या जागी माती होते. अलीकडे काही देवरायांत मंदिराचा जीर्णोद्धार होतो, फरशी येते, शेड येते, आणि सभामंडपाच्या खर्चासाठी रानातली दोन मोठी झाडे जातात. ग्रामसभेत तो ठराव बिनविरोध होतो. जाणारी दोन झाडे कोणती, हे ठरवायला वेळ लागत नाही. सर्वांत जाड आणि आतून पोकळ असलेली.